पहाटे तीनचा रस्ता: शिकाऊ ट्रकचालक आणि झोपेचा हिशोब



आजचा विषय तसा साधा वाटेल. ट्रकवर नव्याने लागलेला, अजून शिकत असलेला मुलगा रात्रभर गाडी चालवायला कसा तयार होतो, त्याच्या शरीरात तेव्हा काय चाललेलं असतं आणि त्याने काय करावं, एवढंच आज बघायचं आहे. ऐकणाऱ्यांत ड्रायव्हर थोडेच असतील याची आम्हाला कल्पना आहे. पण आपल्या स्वयंपाकघरातला कांदा, भाजी, दूध, औषधं यातलं बरंचसं रात्रीच्या रस्त्यावरून येतं. आणि गावाला जाताना आपली एसटी किंवा आपली गाडी त्याच रस्त्यावर, त्याच ट्रकच्या मागेपुढे धावत असते. तेव्हा हा विषय आपल्या सगळ्यांचाच आहे.

आज आम्हाला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे, ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. रात्री गाडी चालवणं हा हिमतीचा प्रश्न नाही, हिशोबाचा आहे. आणि आपल्याकडे शिकाऊ पोराला रात्रीचे जे तास दिले जातात, तेच नेमके या हिशोबात सगळ्यांत वाईट असतात.

शिकाऊ म्हणजे कोण?

कागदावर बघितलं तर रस्ता सरळ आहे. मालवाहू वाहनाचं शिकाऊ लायसन मिळायला वय २० पूर्ण असावं लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. शिकाऊ लायसनवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला हवा, आणि वेळ आली तर गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. तो मागच्या फळीवर घोरत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो शेजारी बसलेला नाही.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक पोरं क्लीनर म्हणून गाडीवर चढतात. काच पुसणं, चाकाला लाकडी ठोकळा लावणं, ताडपत्री बांधणं, दोर आवळणं, टायरवर टॉमी मारून हवा बघणं, रिव्हर्सला मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" करणं, इथून सुरुवात होते. वस्तादाची मर्जी बसली की मोकळ्या मैदानात, मग रिकाम्या गाडीवर, मग भरलेल्या गाडीवर हात साफ होतो. आणि मग एक रात्र अशी येते, की वस्ताद म्हणतो, "घे रे, आता रस्ता मोकळा आहे. मी जरा पडतो."

ती वेळ साधारण कोणती असते? रात्री दोन, अडीच, तीन. वस्तादाचा विचार चुकीच्या भावनेतून आलेला नसतो, हे आधी समजून घेऊ. गर्दी नाही, रिक्षा नाहीत, मधेच धावणारी माणसं नाहीत. नवशिक्याला रिकामा रस्ता बरा, असं त्याला वाटतं. वस्ताद स्वतः दमलेला असतो, तोही माणूसच आहे. पण रस्ता रिकामा का आहे? कारण त्या वेळी माणसाचं शरीर झोपायला बनलेलं आहे. रस्ता सोपा होतो आणि चालवणारा अवघड होऊन बसतो.

शरीरात दोन हिशोब चालतात

झोपेचं शास्त्र फार खोलात न जाता सांगतो. आपल्या शरीरात झोपेचे दोन वेगवेगळे हिशोब एकाच वेळी चालू असतात.

पहिला हिशोब म्हणजे जागरणाचं देणं. आपण जितका वेळ जागे, तितकं मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते साठलं की डोळे जड होतात. झोपलो की ते उतरतं. अगदी किराणा दुकानातल्या खात्यासारखं. दिवसभर उधारी चढते, रात्री झोपून ती फेडायची.

दुसरा हिशोब घड्याळाचा. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना जिथे छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो साधारण २४ तासांचं चक्र चालवतो आणि प्रकाश बघून स्वतःला लावून घेतो. हे घड्याळ पेशींच्या आत नेमकं कसं चालतं, ते शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या घड्याळानुसार रात्री दोन ते सहा या वेळात शरीराचं तापमान खाली येतं, प्रतिक्रिया मंदावतात, लक्ष पातळ होतं. दुपारी दोन ते चारच्या सुमारास अशीच एक छोटी उतरण असते. जेवण झाल्यावर झोप येते ती निव्वळ भातामुळे नाही, त्यात या घड्याळाचाही हात असतो.

आता गंमत बघा. संध्याकाळी उधारी बरीच चढलेली असते, पण घड्याळ आपल्याला जागं धरून ठेवतं. म्हणून रात्री नऊला माणूस ताजातवाना वाटतो आणि म्हणतो, "मला काही होत नाही, मी सकाळपर्यंत चालवतो." तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. पण दोन वाजले की घड्याळ आपला हात काढून घेतं आणि सगळी उधारी एकदम अंगावर येते.

तेव्हा जे होतं, त्याला ड्रायव्हर लोक झापड म्हणतात, 'डोळा लागला' म्हणतात. दोन, चार, पाच सेकंदांची झोप. कधी डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपलेला असतो. गाडी ताशी ६० च्या वेगाने असेल, तर एका सेकंदात ती साधारण १७ मीटर जाते. चार सेकंदांत ६७ मीटर. एवढं अंतर गाडी बिनड्रायव्हरची गेली. गाडीत दहा-पंधरा टन माल आहे आणि पुढे एखादा बंद पडलेला कंटेनर उभा आहे, एवढं डोळ्यांपुढे आणा.

सोलापूर ते वाशी: एक रात्र मांडून बघू

उदाहरण म्हणून एक नेहमीची फेरी घेऊ. सोलापूरच्या बाजार समितीतून कांदा भरून गाडी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला न्यायची आहे. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, पुणे, मग लोणावळा, बोरघाट आणि खाली नवी मुंबई. अंतर चारशे किलोमीटरच्या जरा आत. भरलेली गाडी, चहापाणी, टोल धरून आठ-नऊ तास पकडा. सकाळच्या बाजाराला माल पोचायला हवा, म्हणून गाडी संध्याकाळी सातला निघते.

आता शिकाऊ मुलाचा दिवस बघू. तो सकाळी सहाला उठला. गाडी धुतली, ऑइल-पाणी बघितलं. दुपारभर यार्डात उभा राहून पोती मोजली, काट्यावर वजन करून आणलं, ताडपत्री बांधली. संध्याकाळी सात वाजले तेव्हा तो १३ तास जागा होता. रात्री अकरा वाजता १७ तास. आणि पहाटे तीनला, घाटाच्या तोंडाशी, २१ तास.

हे १७ तास लक्षात ठेवा. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. त्यांनी माणसांना जागं ठेवून त्यांच्या डोळ्या-हाताच्या समन्वयाची चाचणी घेतली, आणि त्याच माणसांना दारू देऊनही घेतली. १७ तास जागरण झालेल्या माणसाची कामगिरी १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरली होती. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे आपला हा मुलगा रात्री अकरालाच, एक थेंबही न घेता, त्या मर्यादेच्या पलीकडे गेला. आणि आपण त्याच्या हातात गाडी देतोय त्यानंतर चार तासांनी.

नाक्यावर पोलिसांकडे दारू तपासायचं यंत्र असतं. झोप तपासायचं यंत्र नसतं. अपघात झाल्यावर धक्क्याने माणूस खडबडून जागा होतो, आणि झोपेचा पुरावाच उरत नाही. केंद्र सरकारच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात अतिवेग, चुकीची बाजू अशी कारणं दिसतात. यातल्या किती वेळा 'अतिवेग' म्हणजे खरं तर ब्रेकवर न आलेला झोपलेला पाय होता, हे त्या तक्त्यात दिसायची सोय नाही.

जे उपाय चालत नाहीत

आता ड्रायव्हर लोकांचे नेहमीचे उपाय घेऊ. कुणाची चेष्टा करायची नाही, कारण हे सगळं ते गाडी सुखरूप न्यायलाच करतात.

काच खाली करून गार वारा घेणं, गाणी मोठ्याने लावणं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात जिम हॉर्न आणि लुईस रेनर यांनी नेमकं हेच तपासलं. वारा आणि रेडिओ यांचा उपयोग अगदी थोडा आणि थोडाच वेळ होतो. थांबायला जागा शोधेपर्यंत वेळ काढायला ठीक, रात्र काढायला नाही.

तोंडावर पाणी मारणं, हाताला चिमटा काढणं, मिरची चावणं हेही त्यातलंच. पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि त्या पाच-दहा मिनिटांच्या भरवशावर माणूस पुढचे शंभर किलोमीटर अंगावर घेतो.

तंबाखू, गुटखा. निकोटिनने क्षणभर तरतरी येते, पण नंतरची दिवसाची झोप बिघडते. म्हणजे दुसऱ्या रात्रीची उधारी आजच चढवून ठेवली. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं सांगायला नको.

अफूची बोंडं, 'डोडा' किंवा कुणीतरी ढाब्यावर हातात ठेवलेली गोळी. याबद्दल नव्या पोरांना स्पष्ट सांगतो: नाही म्हणजे नाही. अफू दुखणं विसरायला लावते, थकवा विसरायला लावते, पण मेंदूला गुंगीच देते. शिवाय अमली पदार्थांच्या कायद्यात सापडलात तर लायसन राहू द्या, उमेदीची वर्षं तुरुंगात जातील.

आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. सर्दी-खोकल्याची औषधं. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी आणि खोकल्याच्या काही पातळ औषधांनी झोप येते. दुकानातून गोळी घेताना एवढंच विचारायचं, "मला रात्री गाडी चालवायची आहे, याने झोप येईल का?"

चहाचं काय? चहा-कॉफीतलं कॅफिन खरंच काम करतं. ते मेंदूत अॅडेनोसिनची जागा अडवून धरतं. पण उधारी फिटत नाही, फक्त वसुलीवाला दारातच थांबवला जातो. शेठकडून घेतलेल्या उचलीसारखं आहे ते. आज हातात पैसे आले, पण पगारातून कापले जाणारच. कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि साधारण पाच तासांनीही निम्मं अंगात शिल्लक असतं. म्हणून पहाटे पाचला घेतलेली कडक कॉफी सकाळी नऊच्या झोपेवर उठते.

जे उपाय चालतात

झोपेला पर्याय झोपच. ती कधी आणि किती घ्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

पहिलं, रात्रपाळी दुपारी सुरू होते. संध्याकाळी निघायचं असेल तर दुपारी दीड-दोनच्या सुमारास दीड तास झोप काढायची. त्या वेळी घड्याळाची छोटी उतरण असतेच, झोप लवकर लागते. हमाल पोती चढवत असताना मोजायला एकच माणूस लागतो. वस्ताद आणि शिकाऊ यांनी आळीपाळीने झोपावं. या दीड तासाने शिकाऊचा जागरणाचा हिशोब बराच हलका होतो.

दुसरं, चाकाची वाटणी उलटी करायची. संध्याकाळी सात ते दहा, सोलापूर ते इंदापूर-भिगवण हा टप्पा शिकाऊला द्या, आणि वस्तादाने शेजारी जागं बसावं. शिकवायची वेळ हीच. गर्दी थोडी जास्त असते, पण पोरगं ताजं असतं आणि चूक झाली तर सांगायला माणूस जागा असतो. दहा-साडेदहाला शिकाऊने मागच्या फळीवर झोपावं, आणि दुपारी झोप घेतलेल्या वस्तादाने पुण्यापर्यंत न्यावं.

तिसरं, घाटाआधी थांबायचंच. झोप आली म्हणून नाही, ठरलं आहे म्हणून. तळेगावच्या पुढे कुठेही पंपावर किंवा ट्रक उभे करायच्या जागेत गाडी लावायची. दोघांनी एकेक चहा घ्यायचा, आणि वस्तादाने लगेच २० मिनिटं डोळे मिटायचे. चहा आधी आणि डुलकी नंतर, हे उलटं वाटेल. पण कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतातच, तेवढ्यात डुलकी होते, आणि उठताना दोन्हींचा फायदा एकत्र मिळतो. हॉर्न आणि रेनर यांनी ही जोडीही तपासली होती, आणि ती चांगली ठरली. मोबाइलवर गजर लावायचा. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं बधिर राहतं. उठल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही. खाली उतरायचं, टायर बघायचे, दोर बघायचा, गाडीभोवती दोन फेऱ्या मारायच्या, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची.

या वेळात शिकाऊने जागं राहायचं. कारण डिझेल चोरीची, माल चोरीची भीती खरी असते. कित्येक ड्रायव्हर थांबत नाहीत ते याच भीतीने. दोघं असाल तर एकाने पहारा, एकाने झोप. उजेडाची, वर्दळीची जागा निवडायची. हायवेच्या कडेला, निम्मी गाडी रस्त्यावर ठेवून झोपणं मात्र कधीही नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्या झोपाळू ड्रायव्हरसाठी आपली गाडी म्हणजे भिंत असते. आणि सावलीसाठी गाडीखाली झोपणं तर अजिबात नाही.

चौथं, घाट वस्तादाने उतरवायचा आणि शिकाऊने शेजारी जागं राहून बघायचा. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकायची खोड काहींना असते. पेंगुळलेल्या माणसाला तर तो मोह जास्तच होतो, कारण गिअर बदलायचा कंटाळा आलेला असतो. न्यूट्रलवर इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. खालचा गिअर आधीच टाकायचा, वर चढताना जो लागला असता तोच.

जेवणाचंही सांगतो. रात्री दहाला ढाब्यावर पोट तट्ट भरून जेवलं की पुढचे दोन तास जड जातात. निघण्याआधी नीट जेवायचं, रात्री थोडं आणि हलकं. पाणी मात्र प्यायचं. गाडी थांबवावी लागेल म्हणून पाणी न पिणारे पुष्कळ आहेत. थांबावं लागलं तर चांगलंच आहे की!

"थांबू या" म्हणायला शिकणं

आता सगळ्यांत अवघड भाग. वर सांगितलेलं सगळं पोराला पाठ झालं, तरी वस्तादासमोर तोंड उघडेल का?

क्लीनर-वस्ताद हे नातं मालक-नोकराचं नाही, गुरु-शिष्याचं आहे. वस्तादाने शिव्या घातल्या तरी पोरगं ऐकून घेतं, कारण हातात कला तोच देणार असतो. अशा वेळी "मला झोप येतेय" म्हणणं म्हणजे "मी कच्चा आहे" म्हटल्यासारखं वाटतं. आणि "वस्ताद, तुम्हाला झोप येतेय" म्हणणं तर उद्धटपणाच.

पण झोपेची एक वाईट सवय आहे. ज्याला येते त्यालाच ती नीट कळत नाही. शेजाऱ्याला आधी कळते. म्हणून केबिनमधल्या दुसऱ्या माणसाचं ते कामच आहे, जसं रिव्हर्सला मागे उभं राहायचं काम आहे. खुणा पाठ करा: मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकते आणि झटक्याने परत येते, मान खाली जाऊन वर येते, गिअर चुकतो, बोलता बोलता वाक्य अर्धवट राहतं, उगाच चिडचिड होते. यातल्या दोन दिसल्या की पुढच्या पंपावर थांबायचं.

आमचा सल्ला असा, की हे रात्री तीनला ठरवायचं नाही. संध्याकाळी सातला, दोघांची डोकी ठिकाणावर असताना ठरवायचं. शिकाऊने विचारायचं, "वस्ताद, तुमची मान गेलेली दिसली तर मी हाक मारू ना? रागावणार नाही ना?" कुठलाही शहाणा वस्ताद "मार की" म्हणेल. मग रात्री ते वाक्य आगाऊपणाचं राहत नाही, ठरलेलं काम होतं. "वस्ताद, पंप आला, वीस मिनिटं घेऊ या," एवढंच म्हणायचं. 'झोप' हा शब्दही काढायची गरज नाही.

आणि वस्ताद मंडळींना हात जोडून एक सांगणं. पोरगं थांबू या म्हणालं, तर त्याच्यावर हसू नका. एकदा हसलात की पुन्हा ते बोलणार नाही, आणि ज्या रात्री बोलायला हवं होतं त्या रात्री गप्प बसेल.

सकाळची झोप आणि घर

माल उतरला, सकाळ झाली. आता झोपायचं कुठे? केबिन उन्हात तापते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना केबिनमध्ये एसी बसवणं सक्तीचं झालं आहे. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या जुन्याच आहेत. तेव्हा झाडाखाली किंवा इमारतीच्या सावलीत गाडी लावा, काचांना टॉवेल-चादर लावून अंधार करा, हवा खेळायला काच थोडी उघडी ठेवा, डोळ्यांवर गमछा बांधा, मोबाइल गप्प करा. झोपेआधी तासभर रील बघत बसलात तर त्या उजेडाने घड्याळ पुन्हा सकाळ झाली असं समजतं.

दिवसाची झोप रात्रीइतकी लांब होत नाही, तुटते. म्हणून सकाळी चार-पाच तास आणि दुपारी पुन्हा दीड तास, असे दोन तुकडे धरायचे. आठवडाभर रात्री चालवलं म्हणून शरीर पूर्ण उलटं होत नाही, कारण ऊन रोज त्याला परत जागेवर आणतं. 'सवय होईल' असं वस्ताद म्हणतात, ती सवय कामाची होते, झोपेवाचून राहण्याची होत नाही.

घरी आल्यावर आणखी वेगळा प्रश्न. एका खोलीचं घर, लहान मुलं, टीव्ही, दारावर येणारे लोक. "दिवसा काय लोळत पडलाय," असं शेजारी म्हणतात. घरातल्या माणसांनी हे समजून घ्यायला हवं, की त्याची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र आहे. पाहुण्यांना संध्याकाळी बोलवा. रेशनच्या रांगेत त्यालाच उभं करू नका.

मालक, व्यापारी आणि कायदा

एवढं सगळं ड्रायव्हरवर टाकून मोकळं होता येणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांबच्या मार्गांसाठी ठरावीक सवलत ठेवली, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामात सलग नऊ तासांची सुट्टी सांगितली. आता हा कायदा २०२० च्या नव्या श्रमसंहितेत सामावला आहे. पण मुळात तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक भरपूर. तिथे तास मोजतो कोण?

म्हणून प्रश्न पैशावर येतो. गाडी उशिरा पोचली, बाजार निघून गेला, भाव पडला, की त्याचा राग ड्रायव्हरच्या भत्त्यावर निघतो. मालक किंवा व्यापारी यांनी वेळ ठरवतानाच त्यात एक तास विश्रांतीचा धरला, तर ड्रायव्हरला भत्ता आणि झोप यातून एक निवडायची वेळ येणार नाही. दुपारी चारला भरणारी गाडी दोनला भरून झाली, तरी तेवढंच साधतं. उलटलेल्या गाडीतला कांदा तर कुठल्याच बाजारात पोचत नाही.

दोन नेहमीचे प्रश्न

पहिला प्रश्न: गाडीवर एकटाच असेन तर? तर सगळं वेळापत्रक आणखी कडक. दुपारची झोप चुकवायची नाही. रात्री एक-दीडपर्यंत चालवायचं आणि पहाटे साडेतीन-चारच्या आत घाट येत असेल, तर घाटाआधी थांबून झोपायचं, उजाडता उजाडता उतरायचं. शेठला निघतानाच सांगायचं, "मी सहाला पोचेन, चारला नाही." आधी सांगितलेला उशीर मालक बहुतेक वेळा सोसतो, न सांगितलेला सोसत नाही.

दुसरा प्रश्न: पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येते, हे का? घोरणं जोरात असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, सकाळी डोकं जड असेल, तर डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास थांबण्याचा हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. वजन वाढलेल्या, मान जाड झालेल्या ड्रायव्हरांत तो बरेचदा असतो. त्याला आळस म्हणून सोडून देऊ नका.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, शेजारी, नात्यात नव्याने गाडीवर जाणारं पोरगं असेल, तर त्याला आजचं सगळं सांगायला जमलं नाही तरी तीन गोष्टी सांगा. दुपारी झोपून निघ. दोन ते पाच चाक हातात घेऊ नकोस. आणि निघायच्या आधीच वस्तादाला विचारून ठेव, की हाक मारली तर चालेल ना.